गोठ्यापर्यंत आवाज पोचेल असा कॉर्डलेस फोन कसा निवडायचा

जांबोटीच्या अलीकडे आमचं घर. जांभ्याच्या जाड भिंती, पुढे सोपा, मग माजघर, मागे न्हाणी आणि न्हाणीच्या पलीकडे परडं नि गोठा. मोबाईलला रेंज मिळाली तर अंगणातल्या तुळशीजवळ, आणि पावसाळ्यात पुष्कळदा तिथेही नाही. आई पंच्याहत्तरीला आली आहे. लँडलाइन माजघरात वाजायची तेव्हा ती गोठ्यात असायची. हात पुसून, दोन उंबरे ओलांडून येईपर्यंत रिंग थांबलेली. पुण्याहून भावाने तीनदा लावला आणि कुणी उचलला नाही, की तो घाबरून शेजाऱ्यांना फोन करणार आणि शेजारी भर पावसात इरलं घेऊन धावणार. असे दोन पावसाळे गेल्यावर आम्ही कॉर्डलेस घेतला.

पहिला सेट न्हाणीच्या दारातच आवाज तोडायला लागला. दुसरा गोठ्यातसुद्धा स्वच्छ ऐकू येतो आणि आज सहा वर्षं चालतो आहे. दोन्ही खोक्यांवर लिहिलेली रेंज मात्र सारखीच होती. फरक पडला तो आम्ही घर नीट बघितलं म्हणून, बेस (लाइनला जोडलेलं, एका जागी राहणारं यंत्र) कुठे ठेवायचा ते ठरवलं म्हणून आणि रिपीटर (बेसच्या लहरी पकडून पुढे पोचवणारं छोटं यंत्र) जोडता येईल असा सेट मागून घेतला म्हणून. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात, हल्याळ-जोयड्याकडेही, आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. मुलं बाहेरगावी आणि घरी म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी पहिल्यांदाच कॉर्डलेस घेणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावं, ते पुढे लिहिलं आहे.

पहिली पायरी: घरात लाइन कशी येते ते बघा

कॉर्डलेस फोन स्वतःहून कुठलंही नेटवर्क पकडत नाही. त्याचा बेस घरातल्या टेलिफोन लाइनला जोडावा लागतो, आणि बेस व हँडसेट यांच्यामधली वायर तेवढी जाते. म्हणून आधी लाइनचं बघायचं.

जुनी तांब्याची जोडी असेल तर भिंतीवरच्या पेटीतून येणारी टेलिफोनची बारीक पिन सरळ बेसमध्ये जाते. फायबर आला असेल तर भिंतीवर जे पांढरं यंत्र बसवलेलं असतं त्याच्या पाठीमागे इंटरनेटच्या रुंद खाचांशेजारी टेलिफोनची एक अरुंद खाच असते. कॉर्डलेसचा बेस तिथे लावायचा. पुष्कळ घरांत फायबर आहे, महिन्याच्या पैशांत फोनची सोयही आहे, पण ती खाच रिकामीच पडलेली असते. तिथे साधा टेबल फोन लावून डायल टोन येतो का बघा. येत नसेल तर लाइनमनला सांगून फोनची सेवा चालू करून घ्या आणि मगच दुकानात जा.

लाइनच नसेल, पण घराच्या एका तरी कोपऱ्यात मोबाईलची बरी रेंज असेल, तर सिम घालायचा टेबल फोन हा दुसरा मार्ग. तो त्या कोपऱ्यात ठेवायचा. सिम घालायची सोय असलेले कॉर्डलेसही मिळतात, पण रेंज नसलेल्या घरात तेही उपयोगाचे नाहीत.

दुसरी पायरी: घर पावलांनी मोजा

दुकानात जायच्या आदल्या दिवशी हे काम करा. कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा. फोनचं टोक जिथे आहे तिथे फुली मारा. मग माणसं दिवसभरात खरोखर कुठे कुठे असतात तिथे गोल करा: चूल, देवघर, कट्टा, विहीर, गोठा, खळं. फुलीपासून सर्वांत लांबच्या गोलापर्यंत पावलं मोजा आणि वाटेत किती भिंती येतात ते लिहा. आमच्या कागदावर पन्नास पावलं आणि चार भिंती आल्या. पावलं काही जास्त नाहीत. भिंती जास्त आहेत.

सगळी मेख या भिंतींत आहे. डेक्ट (कॉर्डलेससाठीचं ठरलेलं डिजिटल तंत्र) जातीच्या कॉर्डलेसची रेंज कंपन्या साधारणपणे मोकळ्यावर ३०० मीटर आणि घरात ५० मीटर अशी सांगतात. ३०० मीटर म्हणजे जवळपास हजार फूट, आणि तोच आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो. पण तो आकडा मध्ये काहीही नसलेल्या मैदानातला. रेडिओच्या लहरी भिंतीतून जाताना दर भिंतीला दमतात, आणि भिंत जितकी जाड, जितकी ओली, तितकी दमणूक जास्त. जांभा सच्छिद्र दगड. उघडा जांभा श्रावणात पाण्याने भरलेला असतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे मे महिन्यात गोठ्यापर्यंत पोचणारा फोन जुलैत न्हाणीजवळ तुटायला लागला तर तो बिघडलेला असेलच असं नाही. आमच्या पहिल्या फोनचं हेच झालं. तो आम्ही उन्हाळ्यात आणला होता.

पत्रा याहून वाईट. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, पाण्याची स्टीलची टाकी, जाळीचं दार यांवरून लहरी परत फिरतात, आरपार जात नाहीत. गोठ्याला तिन्ही बाजूंनी पत्रा असेल तर ज्या बाजूला उघडं आहे त्या बाजूने आवाज यायला हवा, म्हणून बेस कुठे असावा ते तिथूनच ठरतं. चिकोडी-अथणीकडे मळ्यातल्या वस्तीवर भिंती कमी आणि अंतर मोठं. तिकडे अडचण उसाची. पुरुषभर उंचीचा हिरवा ऊस म्हणजे पाण्याची भिंतच, आणि तोडणी झाली की त्याच जागी मोकळं रान. मोजायचं ते ऊस उभा असताना.

बेळगाव शहरात टिळकवाडी, वडगाव, अनगोळकडे तीस बाय चाळीसच्या साइटवर विटा-सिमेंटचं घर असेल तर यातल्या कशाचीच चिंता नको. तेवढ्या घराला कोणताही चांगला डेक्ट सेट पुरतो. लाँग रेंजच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. दुमजली असेल तर बेस जिन्याजवळ ठेवा, एवढंच. शहापुरातल्या जुन्या, लांबलचक बोळासारख्या घरांना मात्र पावलं मोजायला हवीत.

जमलं तर आणखी एक करा. ओळखीच्या कुणाकडे कॉर्डलेस असेल तर एका दुपारसाठी मागून आणा आणि आपल्या घरी लावून बघा. एकाला बाहेरून फोन करायला सांगा, त्याने एकापासून शंभरापर्यंत अंक म्हणत राहायचं आणि तुम्ही हँडसेट कानाला लावून चालत राहायचं. जिथे अंक गाळले जाऊ लागतात तिथे दगड ठेवा. डिजिटल फोनचा आवाज हळूहळू खरखरत नाही. शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुकडे पडतात, त्यामुळे हद्द नेमकी कळते. या एका दुपारीत जे समजतं ते दुकानदार सांगू शकत नाही, कारण त्याने तुमचं घर बघितलेलं नाही.

तिसरी पायरी: कोणत्या जातीचा फोन

नवा घेताना डेक्टच घ्या. भारतात विकले जाणारे डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. हा पट्टा वायफायपासून आणि मायक्रोवेव्ह ओव्हनपासून लांब आहे. २.४ गिगाहर्ट्झचे जुने कॉर्डलेस नेमके याच दोघांच्या पट्ट्यात येतात. घरात राउटर आला की त्यांची कटकट सुरू होते. त्याहून जुने, लांब एरियलचे अॅनालॉग सेट कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्यांच्यावरचं बोलणं शेजारच्या घरातल्या तशाच सेटवर ऐकू येऊ शकतं.

आता जरा कडक शब्दांत सांगतो. आपल्याकडे घरटी कुणीतरी परदेशात आहे, आणि येताना तिथला चांगला सेट भेट म्हणून आणायची हौस असते. अमेरिकेतला डेक्ट ६.० आणू नका. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे त्याच जागी मोबाईल टॉवरकडे जाणाऱ्या लहरी असतात. तिथले ९०० मेगाहर्ट्झचे सेटही इथल्या मोबाईलच्या पट्ट्यात घुसतात. गावात आधीच रेंजची मारामार, त्यात आपल्या घरातून टॉवरला अडथळा जायचा. शिवाय तिथला अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा. इथल्या २३० व्होल्टला लावला की जळून जातो.

तीच गोष्ट ‘वीस किलोमीटर रेंज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटची. मोठ्या अँटेनाचे, जोरदार शक्तीचे हे सेट घरगुती कॉर्डलेस नव्हेतच. परवान्याशिवाय ते वापरणं कायद्यात बसत नाही. साधा डेक्ट क्षणभराला जास्तीत जास्त २५० मिलिवॅट सोडतो आणि एका हँडसेटवर बोलताना सरासरी दहा मिलिवॅटच्या आसपास, कारण वेळेच्या चोवीस कप्प्यांपैकी एकच कप्पा त्याच्या वाट्याला येतो. घरात तान्हं बाळ असलेले लोक लहरींबद्दल विचारतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

रेंज शक्तीपेक्षा उंचीवर आणि मोकळ्या वाटेवर किती अवलंबून असते याचं एक सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९९० च्या दशकात आयआयटी मद्रासमध्ये याच डेक्ट तंत्रावर कॉरडेक्ट नावाची, खेड्यांसाठीची टेलिफोन व्यवस्था उभी राहिली. मनोऱ्यावरचा अँटेना आणि घराच्या छपरावरचा अँटेना एकमेकांना दिसत असले की तिच्यावर दहा किलोमीटरवरून बोलता यायचं. तंत्र तेच, फक्त मध्ये भिंत नाही. घरात आपल्याला एवढी उंची मिळत नाही, पण कोनाड्यातून काढून बेस खुंटीएवढ्या उंचीवर नेणं आपल्या हातात आहे.

चौथी पायरी: दुकानात काय बघायचं

पॅनासोनिक, गिगासेट, बीटेल, मोटोरोला ही नावं आपल्याकडच्या दुकानांत आणि ऑनलाइन दिसतात. खडेबाजार-गणपत गल्लीतल्या दुकानांत आता मोबाईलच जास्त, कॉर्डलेस मागितला तर आतून शोधून काढावा लागतो. खूप वर्षं पडून असलेला माल असू शकतो, म्हणून उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. खोक्यावर भारतातल्या कंपनीचा किंवा आयातदाराचा पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असावी. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा. नसेल तर ठेवून द्या.

टिकाऊपणा हातात घेऊन कळतो. हँडसेट दोन्ही हातांनी किंचित पिळा, कुरकुर आवाज आला तर खालची-वरची कवचं सैल आहेत. बटणं दाबून बघा. आईसारख्या माणसाची बोटं शेणा-मातीत काम केलेली असतात, तिला बटण दाबलं गेल्याचं बोटाला कळायला हवं. अंक मोठे, पडद्याला उजेड, रिंगचा आवाज मोठा, आणि स्पीकरचं वेगळं बटण. बेसवर हँडसेट शोधायचं बटण हवंच. ते दाबलं की हँडसेट वाजतो आणि गवताच्या भाऱ्याखालून सापडतो. आमच्याकडे रोज वापरात असलेलं बटण हेच आहे. चार्जिंगला ठेवायची खाच खोल असावी. उथळ खाचेत हँडसेट तिरका बसतो, रात्रभर चार्जच होत नाही आणि सकाळी दोष बॅटरीला जातो.

काही हँडसेटना आयपी ६५ असा दर्जा असतो. त्यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि पाच म्हणजे पाण्याची धार सोसतो. असे सेट महाग आणि बहुतेक ऑफिस-कारखान्यांसाठी असतात, ते मागवायला लागतात. गिरणी, भट्टी, तंबाखूची वखार असं काही घराला लागून असेल तर विचार करा. नुसत्या घरासाठी हँडसेटला बारीक प्लास्टिकची पिशवी घालून काम भागतं, चार्जिंगचे पत्रे तेवढे उघडे ठेवा.

आणि तीन प्रश्न दुकानदाराला विचाराच. या बेसला किती हँडसेट जोडता येतात? पुष्कळ बेसना चार ते सहा जोडता येतात. याला रिपीटर चालतो का, आणि कोणता? लाइट गेल्यावर काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही, हँडसेटला बॅटरी आहे की’ असं उत्तर मिळालं तर त्याच्याकडून घेऊ नका. कारण खाली सांगतो.

पाचवी पायरी: लाइटचा बंदोबस्त

हँडसेटमध्ये बॅटरी असते, पण बेसमध्ये नसते. बेस अडॅप्टरवर चालतो. हेस्कॉमची लाइट गेली की बेस झोपतो आणि पूर्ण चार्ज असलेला हँडसेटही मुका होतो. नव्याने घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे पहिल्या वादळातच कळतं, आणि फोनची खरी गरज तेव्हाच असते. काही मॉडेलांत हँडसेट बेसवर ठेवला तर त्याच्या बॅटरीवर बेस चालतो आणि स्पीकरवर बोलता येतं. ही सोय असलेला मिळाला तर थोडे जास्त मोजा.

तांब्याची लाइन असेल तर सोपा उपाय आहे. साधा वायरचा टेबल फोन त्याच लाइनला जोडून ठेवा. त्याला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातून लाइनवरच येते, साधारण ४८ व्होल्ट. घरात अंधार असला तरी तो वाजतो. जुना फोन टाकून देऊ नका.

फायबरवर हे चालत नाही, कारण काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. भिंतीवरचं यंत्र आणि कॉर्डलेसचा बेस दोन्ही चालू राहायला हवेत. घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनला सांगून त्या कोपऱ्यातलं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. इथे एक चूक फार घडते. फायबरचं यंत्र बहुधा १२ व्होल्टवर चालतं आणि कॉर्डलेसचा बेस साधारण साडेपाच-साडेसहा व्होल्टवर. यूपीएसची १२ व्होल्टची पिन बेसमध्ये बसते म्हणून लावली की बेस गेला. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट वाचून, तेवढेच देणारं तोंड यूपीएसला असेल तरच लावा.

सहावी पायरी: वळीव यायच्या आत

एप्रिल-मेच्या वळवात ढग चढतात आणि अर्ध्या तासात कडकडाट सुरू होतो. कॉर्डलेस बेस जितके नुसत्या वापराने बिघडत नाहीत तितके या अर्ध्या तासात मरतात. वीज त्यात दोन बाजूंनी शिरू शकते, अडॅप्टरमधून आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून. नुसता अडॅप्टर काढून भागत नाही, लाइनची पिनही काढायची. आणि हे ढग भरून आल्यावर करायचं, विजा डोक्यावर आल्यावर हात लावायचा नाही. विजा चालू असताना वायरच्या फोनवर बोलू नये. हँडसेटवर बोलणाऱ्याला वायरचा धक्का पोचत नाही, पण पिना काढलेल्या असल्यावर तोही बंदच असणार.

रोज कोण काढणार, असं वाटतं. म्हणून बेसजवळचं सॉकेट बटणाचं आणि हाताच्या उंचीवर घ्या, लाइनची पिन सहज निघेल अशी ठेवा. लाइनवर आणि सॉकेटवर बसवायचे संरक्षक मिळतात, ते बसवा. पण घराचं अर्थिंग नीट नसेल तर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत मोडू नका.

कृष्णाकाठच्या गावांनी सॉकेट आणि बेस दोन्ही वर घ्यावेत. ऑगस्ट २०१९ चा महापूर चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको.

सातवी पायरी: बेसची जागा

नकाशा काढा पुन्हा. बेस घराच्या मध्यावर हवा असं सगळे सांगतात, मी म्हणेन तो तुमच्या गोलांच्या मध्यावर हवा. आमच्या घराचा मध्य माजघर, पण माणसं सगळी मागच्या बाजूला. म्हणून लाइनची वायर भिंतीच्या कडेने वीस फूट वाढवून बेस माजघराच्या मागच्या दाराच्या वर, फळीवर नेला. दार उघडं असलं की दोन भिंती वाचतात. कोनाड्यात ठेवू नका, तीन बाजूंनी दगड येतो. टीव्ही, फ्रिज, लोखंडी कपाट यांना टेकून नको. राउटरपासून हातभर लांब बरा. चुलीचा धूर आणि न्हाणीची वाफ लागणार नाही, पागोळ्यांचं पाणी उडणार नाही इतकं बघा.

मेनूमध्ये इको नावाची सोय असेल तर ती बंद ठेवा. ती विजेची बचत करते, पण बेसची शक्ती कमी करून. घर लहान असेल तर चालू राहू द्या.

एवढं करूनही गोठा राहिला तर रिपीटर. तो बेस आणि गोठा यांच्या मधोमध लावायचा, पण जिथे बेसचा आवाज अजून स्वच्छ येतो तिथे. जिथे आवाज तुटतो तिथेच लावला तर तुटका आवाजच पुढे जातो. रिपीटर शक्यतो बेसच्याच कंपनीचा घ्या. दुसरा हँडसेट घेतल्याने रेंज वाढत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण दुसऱ्या हँडसेटने घरातल्या घरात इंटरकॉमवर बोलता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर त्याच्या उशाशी दुसरा हँडसेट असावाच. गॅप नावाचा ठरलेला मेळ पाळणारे सेट असतील तर एका कंपनीच्या बेसला दुसऱ्या कंपनीचा हँडसेटही जोडता येतो, निदान फोन घेणं-करणं एवढं तरी चालतं. जोडताना पिन मागितली तर बहुतेक सेटना सुरुवातीची पिन चार शून्यं असते.

आठवी पायरी: बॅटरी

इथे थोडक्यात. ट्रिपल ए आकाराच्या, साध्या दुकानात मिळणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्यांवर चालणारा सेट घ्या. वायर जोडलेला खास पॅक असेल तर तीन वर्षांनी तो शोधत कोल्हापूर-हुबळी फिरावं लागतं. या बॅटऱ्या १.२ व्होल्टच्या आणि चार्ज होणाऱ्या असतात. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल कधीही घालू नका, चार्ज होताना ते फुटू-गळू शकतात. पहिल्यांदा माहितीपत्रकात लिहिलेला पूर्ण वेळ चार्ज करा, रात्रभर ठेवला की झालं. दोन-तीन वर्षांनी बोलताना लवकर मान टाकायला लागला तर फोन बदलू नका, दोन सेल बदला. चार्जिंगचे पत्रे महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. खानापूरच्या दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो.

नववी पायरी: नंबर भरणं

लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावं लागतं. फोनबुकमध्ये मोबाईल नंबर भरताना शून्यासकट अकरा अंक भरा. मिस्ड कॉलच्या यादीत नंबर पुष्कळदा शून्याशिवाय दिसतो, तिथूनच परत लावला तर फोन लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला वाटतं फोन बिघडला.

सीमाभागात एसटीडी कोडचा गोंधळही होतो. बेळगावचा ०८३१, खानापूरचा ०८३३६, निपाणी-चिकोडीचा ०८३३८. समोर दिसणाऱ्या चंदगडचा मात्र ०२३२०, गडहिंग्लजचा ०२३२७ आणि कोल्हापूरचा ०२३१. पाहुणे अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे असतात, तेव्हा सगळे लँडलाइन नंबर कोडसकटच भरा. ११२ आणि १०८ हेही भरा.

डायलिंग टोनवर ठेवा, पल्सवर नको. नाहीतर ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या ठिकाणी बटणांचा उपयोग होत नाही. कोणाचा फोन आला ते पडद्यावर दिसत नसेल तर बहुधा लाइनवर ती सेवा चालू नसते, ती मागून घ्या. मेनू मराठीत असलेला सेट मी पाहिलेला नाही. आईला इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, म्हणून तिच्यासाठी एकेका अंकावर एकेक नंबर बांधून दिला. १ वर मोठा भाऊ, २ वर मी, ३ वर शेजारी, ४ वर डॉक्टर. तोच क्रम जाड अक्षरात लिहून बेसच्या वर भिंतीला चिकटवला. पहिले आठ दिवस ती रोज एकदा मला फोन करून बघायची आणि म्हणायची, ‘काही नाही, लागतोय का बघितलं.’

खरखर आली तर

पहिल्या पावसानंतर आवाजात खरखर येते. लगेच फोन दुकानात नेऊ नका. जिथे लाइन घरात शिरते तिथे वायरचा साधा फोन लावून ऐका. त्यातही खरखर असेल तर तारेच्या जोडात पाणी शिरलं आहे, तक्रार लाइनची करा. तो स्वच्छ असेल तर बेसपर्यंतची घरातली वायर बदलून बघा, उंदराने कुरतडलेली असते. त्यानेही गेली नाही तर मग अडॅप्टर आणि शेवटी बेस. आणि नवा सेट घरी आणलात की परत घ्यायची मुदत संपायच्या आत, दारं-खिडक्या बंद करून, पावलं मोजलेल्या त्याच वाटेने हँडसेट घेऊन एकदा गोठ्यापर्यंत चालून या.